टर्बोची जुनी गाडी घेताना: आधी ऑइलचा हिशेब, मग बोनेट

“जुनी गाडी बघतोय, पण टर्बो नको, त्याचा खर्च फार निघतो म्हणतात. म्हणून डिझेलची स्विफ्ट घ्यायचं ठरवलंय.” अशा अर्थाची पत्रं वाचकांकडून सतत येतात, आणि घोटाळा त्या दोन वाक्यांतच आहे. डिझेल स्विफ्टला टर्बो असतोच. डिझायर, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, टाटाची व्हिस्टा आणि झेस्ट या गाड्यांत बसलेलं फियाटच्या रचनेचं १.३ लिटर डिझेल इंजिन टर्बोचंच. स्कॉर्पिओ, इनोव्हा, क्रेटा यांच्या डिझेलचंही तसंच. गेल्या दहा-बारा वर्षांतली डिझेल मोटार तुम्ही बघत असाल, तर टर्बो टाळायचा प्रश्नच जवळपास उरत नाही.

पेट्रोलमध्ये मात्र निवड करता येते. २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आणि इकोस्पोर्टचं इकोबूस्ट इंजिन आलं, २०१७ मध्ये नेक्सॉन आणि बलेनो आरएस, २०१९ मध्ये व्हेन्यू आणि एक्सयूव्ही ३००, त्यानंतर मॅग्नाइट आणि कायगर. या गाड्या आता जुन्या बाजारात भरपूर दिसतात, त्यामुळे प्रश्नही वाढलेत.

माझं मत आधीच सांगतो. टर्बोला घाबरून चांगली गाडी सोडू नका, आणि नुसतं किलोमीटर कमी दिसतं म्हणून वाईट गाडी उचलू नका. टर्बो सहसा आपणहून मरत नाही, त्याला ऑइल मारतं. म्हणून टर्बोची गाडी तपासायची म्हणजे तिच्या ऑइलचा इतिहास तपासायचा.

एवढं माहीत असलं की पुरे

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो, आणि त्याला आधार असतो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल उशिरा बदललं, चुकीच्या ग्रेडचं टाकलं, पातळी खाली गेली, किंवा घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करायची सवय असली, की तापलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा धरतो. बारीक नळ्या तुंबतात आणि दांडा घासायला लागतो. बाकीच्या तपासण्यांचा अर्थ यावरून लागेल.

गाडी बघायला जाण्याआधी

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: गाडी फिरणार कुठे? घर ते ऑफिस, ऑफिस ते बाजार, एका वेळी चार-पाच किलोमीटर, एवढाच वापर असेल तर बीएस-६ डिझेल घेऊ नका. १ एप्रिल २०२० पासूनच्या या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापून सलग चालावं लागतं. शहरातल्या तुटक फेऱ्यांत ते होत नाही, जाळी भरते, दिवा लागतो आणि गॅरेजच्या चकरा सुरू होतात. आठवड्यातून एकदा तरी हायवेला गाडी निघत असेल तर ही अडचण सहसा येत नाही.

शहरात फिरण्यासाठी छोटं टर्बो पेट्रोल चांगलं, पण गिअरबॉक्स नीट बघा. सुरुवातीच्या पोलो जीटी टीएसआय आणि व्हेन्यू टर्बोत सात गिअरचा दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो, आणि त्याची दुरुस्ती टर्बोपेक्षाही महाग पडू शकते. ज्यांचा रोजचा रस्ता सिंहगड रोड किंवा घोडबंदरचा आहे, त्यांना मी मॅन्युअल गिअरचीच गाडी सुचवीन.

आणखी दोन गोष्टी फोनवरच उरकता येतात:

- गाडीचा चेसिस नंबर मागा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टर्बो, एक इंजेक्टर आणि क्लच सेट यांचे आजचे भाव विचारून कागदावर लिहून घ्या. घासाघीस करताना हा कागद खिशात हवा.
- कंपनी भारतात आहे का ते बघा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. गाड्या चांगल्या आहेत, पण एखादा भाग मिळायला वेळ लागू शकतो. फोर्डच्या इकोबूस्ट इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत फिरतो. चुकीच्या ऑइलने बेल्ट झिजला की त्याचा चुरा ऑइलचा मार्ग बंद करतो. या इंजिनाची बिलं पूर्ण नसतील तर गाडी बघायलाही जाऊ नका.

पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर इंधनाच्या झाकणाच्या आतलं स्टिकर किंवा मॅन्युअल वाचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्या १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनल्या आहेत. अशा गाडीत रबरी नळ्या आणि सीलकडे जास्त लक्ष द्यावं लागेल.

ऑइलची बिलं मागा

“गाडी घरच्यासारखी ठेवलीय” हे वाक्य प्रत्येक विक्रेता बोलतो. तुम्ही बिलं मागा. बिलांत तीन गोष्टी शोधा: तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड. बहुतेक गाड्यांत १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायचं असतं. दोन बिलांत २० हजारांचं अंतर दिसलं, किंवा मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सिंथेटिक सांगितलेलं असताना दुसरंच ऑइल टाकलेलं दिसलं, तर ती गाडी नाकारण्याएवढं कारण तुमच्याकडे आहे.

पाच वर्षांत फक्त १८ हजार किलोमीटर फिरलेली गाडी अनेकांना लॉटरी वाटते. तिचं ऑइल दरवर्षी बदललं असेल तर ती खरोखर चांगली. “फिरलीच नाही, मग कशाला बदलायचं?” असं उत्तर आलं, तर त्यापेक्षा ९० हजार फिरलेली आणि वेळेवर ऑइल बदललेली हायवेची गाडी मी केव्हाही घेईन.

बिलं हरवली असं सांगितलं गेलं, तर मालकालाच सर्व्हिस सेंटरला फोन करायला सांगा. चेसिस नंबरवर त्यांच्याकडे नोंदी असतात, आणि मीटर मागे फिरवलेलं असलं तर तेही तिथेच उघडं पडतं. मालक फोन करायलाच तयार नसेल, तर पुढची गाडी बघा.

इंजिन थंड असताना पोचा

तपासणीची वेळ सकाळची ठरवा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा: “मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं, तर विक्रेत्याला सेल्फ मारल्यानंतरचा पहिला आवाज किंवा पहिला धूर तुमच्यापासून लपवायचा असण्याची शक्यता आहे. कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

सेल्फ मारण्याआधी:

- डिपस्टिक काढा. पातळी खुणेच्या खाली असेल तर ऑइल कुठे तरी जातंय. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याने घाबरू नका, पण ते चिकट गोळ्यासारखं लागता कामा नये.
- कूलंटच्या टाकीत बघा. त्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेल्याची शंका घ्या. टाकीत साधं पाणी भरलेलं असेल तर का भरलं ते विचारा. बऱ्याच पेट्रोल टर्बोंना ऑइलबरोबर कूलंटही थंड ठेवतं.
- इंजिन नुकतंच धुऊन चकाचक केलेलं असेल तर ते गुणात धरू नका. गळतीच्या खुणा धुऊन गेलेल्या असतात. तपासणी संपल्यावर बोनेट पुन्हा उघडून बघा, खरी गळती तासाभर चालवल्यावर दिसते.

आता गाडी सुरू करा आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे उभे राहा. सेल्फ दुसऱ्या कुणाला तरी मारू द्या.

धूर वाचायला शिका

- निळसर धूर: ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा. गाडी तीन-चार मिनिटं तशीच चालू ठेवा आणि मग एकदम रेस करा. त्या वेळी निळा लोट आला तर संशय टर्बोवर घ्या.
- काळा धूर: डिझेलमध्ये हवा कमी पडतेय. इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटलेला, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह तुंबलेला किंवा इंजेक्टर खराब. फाटका होज स्वस्तात जातो, इंजेक्टर नाही. म्हणून कारण कळल्याशिवाय भाव ठरवू नका.
- पांढरा धूर: थंडीत सुरुवातीला वाफ दिसणं स्वाभाविक. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर गाडी सोडा.

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ धूर गिळून टाकतो, त्यामुळे तिथे स्वच्छ सायलेन्सर हा पुरावा होत नाही. उलट बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या तोंडाला बोटाने काळी काजळी लागली, तर जाळी फुटलेली किंवा कुणी काढून टाकलेली असू शकते.

यानंतर इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण सैल करून बघा. फिटर ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते इथे दिसतं. झाकण उडू पाहत असेल आणि भसाभस धूर येत असेल, तर इंजिन झिजलंय. अशा गाडीला नवा टर्बो बसवूनही उपयोग नसतो, कारण त्याच दाबामुळे टर्बोतलं ऑइल नीट परत जात नाही.

टर्बोपाशी हात घाला, पण फिटरचा

एवढी तपासणी तुम्हाला जमते. पुढचं काम ओळखीच्या मेकॅनिकचं आहे, आणि तो विक्रेत्याच्या ओळखीचा नको. त्याला पैसे द्या आणि इंजिन गार झाल्यावर हवेचा पाइप काढून टर्बोचं चाक बघायला सांगा. दांडा बोटाने हलवल्यावर वर-खाली किंचित हलणं चालतं, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. मागे-पुढे जाणवण्याएवढी हालचाल नको. पाती घराच्या भिंतीला घासलेली, टवका उडालेली किंवा वाकलेली नकोत.

इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा हलका ओलावा दिसला की काही मेकॅनिक लगेच टर्बो गेला म्हणतात. तसं नसतं. तेवढा ओलावा बऱ्याच चांगल्या गाड्यांत असतो. पाइप वाकवल्यावर ऑइल ओघळलं तर ते काळजीचं.

रस्त्यावर: वीस मिनिटं पुरत नाहीत

सोसायटीला एक फेरी मारून गाडी घेऊ नका. टर्बोची खरी परीक्षा चढावर होते. पुण्यात असाल तर कात्रजचा घाट, साताऱ्याकडे खंबाटकी, नाशिककरांना कसारा, कोकणात तर घाटांना तोटा नाही. घाट जवळ नसेल तर मोठा उड्डाणपूल शोधा आणि गाडीत चार माणसं बसवा.

तिसऱ्या गिअरमध्ये साधारण १,५०० आरपीएमवर गाडी आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. १,८०० ते २,००० च्या आसपास चांगली गाडी जोर धरते, पाठीला सीट लागल्याचं जाणवतं. लक्ष कशाकडे ठेवायचं?

- जोर येतच नाही आणि गाडी ओढल्यासारखी चढते: दाब तयार होत नाही, किंवा इंजिनाने स्वतःला वाचवायला ताकद कमी केलीय. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर थोडा वेळ गाडी ठीक चालली, तर ही दुसरी शक्यता जास्त.
- जोर येतो, जातो, पुन्हा येतो: डिझेलमध्ये टर्बोच्या हलत्या पात्यांत काजळी अडकलेली असू शकते.
- आरपीएम वाढतं पण वेग वाढत नाही: क्लच सरकतोय. टर्बो इंजिनांची ताकद खालच्या आरपीएमलाच येते, त्यामुळे क्लच तिथेच उघडा पडतो.
- आवाज: बारीक शिटी सामान्य आहे. रेसबरोबर चढत जाणारा सायरनसारखा आवाज सामान्य नाही. हवा सुटल्यासारखा ‘फस्स’ आवाज म्हणजे बहुधा सुटलेला क्लॅम्प.

दुहेरी क्लचची ऑटोमॅटिक असेल तर ती मुद्दाम गर्दीत न्या. अर्धा तास सरकत-सरकत चालवा, मग चढावर ब्रेक सोडून हळूच पुढे घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर किंवा धक्का जाणवला तर सौदा थांबवा.

स्कॅनर लावायचाच

मीटरमधला इंजिनाचा दिवा चावी फिरवल्यावर पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

मोबाइलला जोडता येणारा साधा ओबीडी स्कॅनर स्वस्तात मिळतो. त्यात बिघाडाचा कोड नाही दिसला म्हणून खूश होऊ नका. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ ही नोंद उघडा. ती १२ किलोमीटर दाखवत असेल, तर कालच कुणीतरी काहीतरी पुसलंय. इंजिन बंद आणि चावी चालू असताना मॅनिफोल्डचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा) दाब बाहेरच्या हवेएवढा दिसतो, मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९४-९५ च्या जवळ. चढावर पूर्ण दाबल्यावर तो दीडशेच्या वर जायला हवा. मोबाइलमध्ये बघण्याचं काम शेजारी बसलेल्याकडे द्या, चालवणाऱ्याने रस्त्यावरच लक्ष ठेवावं.

रिमॅप केलेली आणि पाण्यात बुडालेली

या दोन प्रकारच्या गाड्या स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत. टर्बोचा दाब सॉफ्टवेअरने वाढवता येतो, त्यामुळे हौसेखातर रिमॅप केलेल्या गाड्या बाजारात बऱ्याच आहेत. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, खुणा मात्र राहतात: बाहेरचा एअर फिल्टर, बदललेला सायलेन्सर, वेळेआधी बदललेला क्लच. थेट विचारा, आणि “रिमॅप केलेला नाही” हे करारात लिहून घ्या.

पुराच्या गाड्यांचं दुखणं आणखी खोल असतं. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेला पूर यांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या.  पाणी हवेच्या पाइपातून इंजिनात ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि इंजिन तरीही काही महिने चालतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालचा फोम हाताने चाचपा. विमा पॉलिसीवरचा नो क्लेम बोनसही बोलतो. क्लेम न घेता गाडी वापरली तर तो २० टक्क्यांपासून पायरीपायरीने ५० टक्क्यांपर्यंत चढतो. पाच वर्षांच्या गाडीला एकाच मालकाकडे बोनस शून्य दिसला, तर मागच्या वर्षी क्लेम कशाचा घेतला होता ते विचारा.

कागद आणि तुमचे हक्क

इसार देण्याआधी एम-परिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. कितवा मालक, बोजा, विमा, पीयूसी सगळं दिसतं. पूर्वी टुरिस्ट परमिटवर असलेली गाडी पांढरी पाटी लावून विकली जाते, म्हणून आरसीवरची जुनी नोंद विचारा. ई-चलानची थकबाकी महाट्रॅफिक ॲपवर बघा. चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर जाऊन जुळवा, दोन्ही चाव्या मागा.

- फॉर्म २९ आणि ३०: मालकी बदलाचे. विक्रेत्याने १४ दिवसांत, तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर तशीच फिरवू नका.
- फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी: कर्ज फिटलं असलं तरी बोजा उतरवल्याची नोंद आरसीवर दिसलीच पाहिजे.
- फॉर्म २८: दुसऱ्या राज्यातल्या गाडीसाठी. दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे त्या इकडे स्वस्तात येतात. महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा खर्च धरून मगच ‘स्वस्त’ ठरवा.
- विमा: मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण नाव बदललं नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

डीलरकडून घेत असाल तर तुमची बाजू जास्त भक्कम असते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालक फॉर्म २९सी ने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं कळवतो. दोन्ही बघायला मागा. डीलरने खोटी माहिती दिली तर तुम्ही ग्राहक आहात: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क नाही. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला हा रस्ता सहसा लागू होत नाही. तिथे करारात लिहिलेलं प्रत्येक वाक्य हाच तुमचा आधार असतो, म्हणून किलोमीटर, अपघात, पूर आणि रिमॅप या चारही गोष्टींबद्दल मालकाचं म्हणणं सहीसकट घ्या.

गाडी घरी आल्यावर

विक्रेत्याने गेल्याच महिन्यात ऑइल बदललंय असं सांगितलं तरी ते बदला. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल, सोबत ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर. तेव्हाचे किलोमीटर लिहून ठेवा आणि पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत दर रविवारी सकाळी डिपस्टिक बघा. पातळी खुणेपासून स्पष्ट खाली सरकत असेल तर महिना संपायच्या आत मेकॅनिककडे जा, आणि गाडी डीलरची असेल तर त्याला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या.